सक्तीची वैद्यकीय व मानसशास्त्रीय तपासणी आणि व्यक्तीचे कायदेशीर हक्क : साकीनाका परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

स्वतःहून डॉक्टरकडे जाणारी व्यक्ती आणि डॉक्टरकडे पाठवली गेलेली व्यक्ती यांच्या स्थितीत मूलभूत फरक आहे. पहिलीला उपचार हवे असतात. दुसरीची तपासणी मालकाला, पोलिसांना, न्यायालयाला किंवा कुटुंबाला हवी असते. पहिलीने तपासणी नाकारली तर परिणाम तिच्या प्रकृतीपुरता राहतो. दुसरीने ती नाकारली तर नोकरी, स्वातंत्र्य, वैवाहिक हक्क किंवा प्रतिष्ठा पणाला लागते. म्हणूनच पाठवल्या गेलेल्या व्यक्तीचे हक्क कोणते, हा वैद्यकशास्त्राचा प्रश्न नसून प्रामुख्याने कायद्याचा प्रश्न आहे.

मुंबई उपनगर जिल्ह्यातील साकीनाका हा भाग या प्रश्नाच्या अभ्यासास सोयीचा आहे. अंधेरी-कुर्ला रस्ता, साकी विहार रस्ता आणि खैरानी रस्ता यांच्या आसपास लहान कारखाने, गाळे, कार्यालये आणि दाट कामगार वस्ती एकत्र नांदतात. येथील माणसास तपासणीस सामोरे जाण्याचे प्रसंग मुख्यतः तीन मार्गांनी येतात : नोकरीच्या निमित्ताने, पोलीस तपासाच्या निमित्ताने, आणि मानसिक स्थितीविषयी कुटुंबाने किंवा अन्य कोणी शंका घेतल्यामुळे. या तिन्ही प्रसंगांचे कायदे वेगवेगळे आहेत. तथापि, त्यांच्यामागील न्यायतत्त्व एक आहे, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हे तत्त्व असे मांडता येते. प्रत्येक सक्तीच्या तपासणीत तीन स्वतंत्र पायऱ्या असतात : तपासणीचा आदेश, प्रत्यक्ष तपासणी, आणि निष्कर्षाचा वापर. एका पायरीवर मिळालेला अधिकार पुढच्या पायरीवर आपोआप लागू होत नाही. आदेश वैध असला म्हणून तपासणीची कोणतीही पद्धत वैध ठरत नाही. आणि तपासणी योग्य रीतीने झाली म्हणून तिच्या निष्कर्षाचा कोणताही वापर करण्याची मुभा मिळत नाही. व्यवहारात मात्र या तिन्ही पायऱ्या एकच समजल्या जातात, आणि हक्कांची हानी बहुधा तेथेच होते.

१. संमतीची संकल्पना

संविधानाच्या कलम २१ मधील जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कात शारीरिक स्वायत्तता अंतर्भूत आहे. न्यायमूर्ती पुट्टस्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २०१७ मध्ये खाजगीपणाचा हक्क हा मूलभूत हक्क असल्याचे निःसंदिग्धपणे घोषित केले. त्यापूर्वी २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात संमतीचे स्वरूप न्यायालयाने विशद केले होते. त्या प्रकरणातील महिलेने केवळ निदानासाठी दुर्बिणीद्वारे तपासणी करण्यास संमती दिली होती. ती भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन मोठी शस्त्रक्रिया करण्यात आली. रुग्ण सज्ञान होती, तिची शुद्ध तात्पुरतीच हरपलेली होती आणि प्राण वाचवण्याची निकड नव्हती; त्यामुळे आईची संमती पुरेशी नाही, असे न्यायालयाने ठरवले. निदानासाठी दिलेली संमती ही उपचारासाठीची संमती नव्हे, हा या निर्णयाचा गाभा होय.

या निर्णयातून दोन निकष हाती येतात. संमती ही विशिष्ट कृतीसाठी असते, सरसकट नसते; आणि ती देणाऱ्यास कृतीचे स्वरूप, हेतू, धोके व पर्याय यांची पुरेशी माहिती असावी लागते. कोऱ्या किंवा न समजणाऱ्या भाषेतील अर्जावर घेतलेली सही या निकषांवर उतरत नाही. साकीनाक्यासारख्या बहुभाषिक कामगार वस्तीत हा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरतो.

२. नोकरी आणि तपासणी

नोकरीपूर्वी किंवा नोकरीत असताना वैद्यकीय तपासणी करण्यास कायद्याची सर्वसाधारण मनाई नाही. काही ठिकाणी तर ती कामगाराच्या संरक्षणासाठीच आहे. कारखाना अधिनियम, १९४८ मध्ये धोकादायक प्रक्रियेवरील कामगारांची कामावर घेण्यापूर्वी व त्यानंतर ठरावीक काळाने तपासणी करण्याची, तसेच त्यांच्या आरोग्याच्या नोंदी त्यांना पाहावयास मिळण्याची तरतूद १९८७ च्या दुरुस्तीने करण्यात आली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता, २०२० लागू झाली असून, विहित वर्गातील कर्मचाऱ्यांची वार्षिक आरोग्य तपासणी विनामूल्य करून देण्याचे कर्तव्य तिने मालकावर टाकले आहे. ही तपासणी कामगाराच्या हितासाठी आहे. तिचा उपयोग त्याला कामावरून दूर करण्यासाठी होऊ लागला की प्रश्न तिसऱ्या पायरीचा, म्हणजे निष्कर्षाच्या वापराचा, होतो.

याबाबतीत मुंबई उच्च न्यायालयाचा १९९७ चा ‘एम. एक्स. विरुद्ध झेड. वाय.’ हा निर्णय मार्गदर्शक आहे. एका सार्वजनिक उपक्रमात नैमित्तिक कामगार म्हणून काम करणाऱ्या व्यक्तीस कायम होण्याच्या टप्प्यावर वैद्यकीय तपासणीस पाठवण्यात आले. तपासणीत एच. आय. व्ही. संसर्ग आढळला. काम करण्याच्या क्षमतेत कोणतीही उणीव नसताना केवळ त्या कारणावरून त्याचे काम बंद करण्यात आले. न्यायमूर्ती व्ही. पी. टिपणीस आणि न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या खंडपीठाने ही कृती संविधानाच्या कलम १४ व २१ शी विसंगत ठरवली. व्यक्ती प्रत्यक्षात काम करू शकते काय, आणि कामाच्या ठिकाणी तिच्यापासून इतरांना खरोखर मोठा धोका संभवतो काय, हे दोन प्रश्न न विचारता केवळ अहवालावरून रोजगार नाकारणे मनमानी आहे, असे या निर्णयाचे सार आहे.

या निर्णयाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. याचिकाकर्त्यास टोपणाक्षरांनी दाद मागू देण्यात आली. नाव उघड होण्याच्या भीतीने हक्क सोडून देण्याची वेळ त्याच्यावर आली नाही. वीस वर्षांनंतर संसदेने एच. आय. व्ही. व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ संमत केला; तो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. या अधिनियमानुसार चाचणीपूर्वी माहितीपूर्ण संमती व समुपदेशन आवश्यक आहे. नोकरी, आरोग्यसेवा किंवा शिक्षण मिळण्याची पूर्वअट म्हणून ही चाचणी लादणे हा निषिद्ध भेदभाव ठरतो. न्यायालयीन कार्यवाहीत ओळख गुप्त ठेवण्याची तरतूदही त्यात आहे. शिक्षणसंस्थांनी यातील ‘शिक्षण’ या शब्दाची विशेष नोंद घ्यावयास हवी. कारण वसतिगृह किंवा अभ्यासक्रम प्रवेशाच्या वेळी मागितल्या जाणाऱ्या आरोग्य प्रमाणपत्रांनाही ही मर्यादा लागू होते.

तपासणीच्या व्याप्तीचा प्रश्न नीरा माथुर प्रकरणात उपस्थित झाला. आयुर्विमा महामंडळाने नोकरीच्या वेळी भरून घेतलेल्या अर्जात महिला उमेदवारांना मासिक पाळी व गर्भधारणेविषयी तपशील विचारले जात. परिवीक्षाकाळात सेवामुक्त करण्यात आलेल्या या कर्मचारी महिलेच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने असे रकाने संकोचजनक असल्याचे म्हटले आणि ते वगळण्याची सूचना केली. कामाशी संबंध नसलेली माहिती मागण्याचा अधिकार मालकास नाही, हा यातून निघणारा बोध आहे.

निष्कर्षाच्या वापरावर आणखी एक बंधन दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम २० ने घातले आहे. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास शासकीय आस्थापनेने सेवेतून कमी करू नये किंवा पदावनत करू नये. आवश्यक तर समान वेतनश्रेणीच्या दुसऱ्या पदावर त्यास सामावून घ्यावे, असे हे कलम सांगते. म्हणजे ‘सध्याच्या पदासाठी अक्षम’ हा वैद्यकीय मंडळाचा अभिप्राय सेवेचा शेवट ठरत नाही.

३. पोलीस तपास आणि तपासणी

फौजदारी तपासात व्यक्तीच्या संमतीला मर्यादा पडतात; परंतु हक्क संपत नाहीत. अटक झालेल्या आरोपीच्या तपासणीतून गुन्ह्याचा पुरावा मिळण्याचा वाजवी संभव असल्यास, पोलीस अधिकाऱ्याच्या विनंतीवरून नोंदणीकृत वैद्यक व्यवसायी त्याची तपासणी करू शकतो आणि त्यासाठी वाजवी तेवढे बळ वापरता येते. ही तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम ५३ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम ५१ मध्ये आहे. महिलेची तपासणी महिला डॉक्टरकडून किंवा तिच्या देखरेखीखालीच व्हावी लागते.

सक्तीने घेतलेला नमुना म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे काय, हा प्रश्न जुन्या मुंबई राज्यातून उद्भवलेल्या ‘मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड’ या प्रकरणात १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठापुढे आला. बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना देणे म्हणजे कलम २०(३) च्या अर्थाने ‘साक्षीदार होणे’ नव्हे, असे न्यायालयाने ठरवले. शरीराची ओळख पटवणारी वस्तू आणि मनातील ज्ञान यांत येथे भेद करण्यात आला.

हा भेद पुढे निर्णायक ठरला. बनावट मुद्रांक प्रकरणाच्या संदर्भात मुंबई उच्च न्यायालयाने २००४ मध्ये नार्को अॅनालिसिस, पॉलिग्राफ व ब्रेन मॅपिंग या चाचण्यांना मुभा दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी प्रकरणात याच्या विरुद्ध भूमिका घेतली. औषध देऊन किंवा यंत्र लावून मनातील माहिती बाहेर काढणे हे रक्ताचा नमुना घेण्यासारखे नाही. संमतीशिवाय अशी चाचणी करणे कलम २०(३) व २१ चा भंग आहे, असे न्यायालयाने म्हटले. आरोपी स्वेच्छेने तयार असला तरी राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २००० मध्ये पॉलिग्राफ चाचणीसाठी दिलेली मार्गदर्शक तत्त्वे पाळावी लागतात : वकिलाशी सल्लामसलतीची संधी, संमतीची न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंद, परिणामांची स्पष्ट कल्पना आणि स्वतंत्र संस्थेकडून चाचणी. २०२५ मध्ये बिहारमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच भूमिकेचा पुनरुच्चार केला आणि अशा चाचणीचा अहवाल हाच शिक्षेचा एकमेव आधार होऊ शकत नाही, असेही सांगितले.

अटकेनंतरची तपासणी आरोपीचे संरक्षणही करते. कलम ५३ (पूर्वीचे कलम ५४) नुसार अटकेनंतर लवकरात लवकर तपासणी करून अंगावरील जखमांची नोंद करणे आणि अहवालाची प्रत अटक झालेल्या व्यक्तीस किंवा तिने नेमलेल्या व्यक्तीस देणे बंधनकारक आहे. डी. के. बसू प्रकरणातील निर्देशांनुसार कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी लागते. कोठडीतील मारहाणीविरुद्ध अनेकदा हाच एक लेखी पुरावा आरोपीच्या हाती राहतो.

अत्याचारग्रस्त महिलेची स्थिती आरोपीहून सर्वस्वी भिन्न आहे. तिच्यावर बळाचा वापर करण्याचा अधिकार कायदा कोणासही देत नाही. पूर्वीच्या संहितेतील कलम १६४अ, जे २००६ मध्ये अमलात आले, आणि आता नव्या संहितेतील कलम १८४ यांनुसार तपासणी तिच्या, किंवा तिच्या वतीने संमती देण्यास सक्षम असलेल्या व्यक्तीच्या, संमतीनेच होते. संमती घेतल्याची नोंद अहवालात करावी लागते. संमतीविना केलेली तपासणी या कलमामुळे कायदेशीर ठरणार नाही, असे कलमातच म्हटले आहे.

सप्टेंबर २०२१ मध्ये साकीनाक्यातील खैरानी रस्त्यावर पाशवी अत्याचारानंतर गंभीर जखमी अवस्थेत सापडलेल्या महिलेस घाटकोपरच्या राजावाडी रुग्णालयात नेण्यात आले. तेथे उपचार सुरू असताना तिचा मृत्यू झाला. जून २०२२ मध्ये दिंडोशी येथील सत्र न्यायालयाने आरोपीस फाशीची शिक्षा सुनावली. स्वतः बोलू न शकणाऱ्या पीडितेच्या बाबतीत ‘सक्षम व्यक्तीची संमती’ हे शब्द कायद्यात का आवश्यक आहेत, हे अशा घटनांवरून उमगते. त्याचबरोबर उपचार आणि पुरावा या दोन बाबी वेगळ्या ठेवण्याचे महत्त्वही लक्षात येते. प्राण वाचवण्याचे कर्तव्य कोणत्याही कागदासाठी थांबत नाही. पीडितेवर विनामूल्य प्रथमोपचार वा उपचार करणे सर्व सरकारी व खाजगी रुग्णालयांवर २०१३ पासून बंधनकारक आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पीडिता पुरावा गोळा करण्यास नकार देऊ शकते, आणि त्या कारणावरून तिला उपचार नाकारता येत नाहीत.

तपासणीच्या पद्धतीविषयीचा सर्वांत कठोर धडा ‘दोन बोटांच्या चाचणी’ने दिला. ही चाचणी अशास्त्रीय व अपमानास्पद असल्याची भूमिका महाराष्ट्रातील आरोग्य कार्यकर्त्यांनी आणि मुंबईतील ‘सेहत’ या संशोधन संस्थेने सातत्याने मांडली. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती खाजगीपणाचा व प्रतिष्ठेचा भंग करणारी ठरवली. ऑक्टोबर २०२२ मध्ये, ही चाचणी करणारी व्यक्ती गैरवर्तनाची दोषी ठरेल, असे न्यायालयाने स्पष्ट केले. पीडितेची संमती असली तरी ही पद्धत वैध ठरत नाही. येथे दुसऱ्या पायरीचे स्वातंत्र्य पूर्णपणे प्रत्ययास येते.

४. मानसिक स्थितीची तपासणी

मानसशास्त्रीय तपासणीत निष्कर्षाचा परिणाम अधिक खोल असतो. कारण त्यातून व्यक्तीच्या शब्दाची विश्वासार्हताच धोक्यात येते. ‘मनोरुग्ण’ असा शिक्का बसलेल्या व्यक्तीने तपासणीविरुद्ध केलेली तक्रारही आजाराचे लक्षण मानली जाण्याची शक्यता असते.

वैवाहिक वादात हा प्रश्न वारंवार उपस्थित होतो. २००३ मध्ये शारदा विरुद्ध धर्मपाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, वैवाहिक न्यायालयास पक्षकाराच्या वैद्यकीय तपासणीचा आदेश देण्याचा अधिकार आहे. मात्र त्यासाठी अर्जदाराचे सकृद्दर्शनी भक्कम प्रकरण आणि पुरेशी सामग्री असली पाहिजे. पक्षकाराने नकार दिल्यास न्यायालय प्रतिकूल अनुमान काढू शकते. म्हणजे वांद्रे येथील कुटुंब न्यायालयात चाललेल्या घटस्फोटाच्या दाव्यातही केवळ आरोपाच्या बळावर जोडीदारास मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवण्याचा आदेश मागता येत नाही. तसेच नकार देणाऱ्यानेही त्याची किंमत जाणून घेऊनच निर्णय करावा लागतो.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. या अधिनियमाने १९८७ च्या अधिनियमाची जागा घेतली. त्याच्या कलम ३ नुसार मानसिक आजाराचे निदान राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्तरावर मान्य असलेल्या वैद्यकीय निकषांवरच करता येते; कुटुंबाच्या किंवा समाजाच्या नैतिक मूल्यांशी न जुळणे हा निदानाचा आधार होऊ शकत नाही. पूर्वी उपचार घेतले होते, एवढ्यावरूनही आजचा आजार सिद्ध होत नाही. तसेच आजाराचे निदान झाले म्हणून व्यक्ती ‘विकल मनाची’ ठरत नाही. ते ठरवण्याचा अधिकार सक्षम न्यायालयाचा आहे. न्यायालयीन कार्यवाहीत मानसिक आजाराचा पुरावा सादर झाला आणि प्रतिपक्षाने त्यास आव्हान दिले, तर कलम १०५ नुसार न्यायालयाने तो मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे छाननीसाठी पाठवावयाचा असतो.

इच्छेविरुद्ध दाखल करण्याच्या प्रक्रियेवरही या अधिनियमाने मुदतीची बंधने घातली आहेत. कलम ८९ खालील दाखल्यासाठी नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज आणि दोन व्यावसायिकांची स्वतंत्र तपासणी आवश्यक असते. त्यांपैकी एक मनोविकारतज्ज्ञ असावा लागतो. हा दाखला ३० दिवसांपुरता असतो. रस्त्यावर निराधार भटकणाऱ्या मनोरुग्ण व्यक्तीस पोलिसांनी ताब्यात घेतल्यास २४ तासांच्या आत सार्वजनिक आरोग्य आस्थापनेत नेले पाहिजे. तिला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाने मूल्यांकनासाठी करावयाच्या दाखल्याची कमाल मुदत दहा दिवसांची आहे. यातील प्रत्येक मुदत ही त्या व्यक्तीच्या स्वातंत्र्याची हद्द आहे.

५. अहवालावरील हक्क

तपासणीचा आदेश देणाऱ्यास अहवाल मिळतो; पण ज्याचे शरीर तपासले गेले त्यास तो अनेकदा मिळत नाही. याविषयी मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये रघुनाथ रहेजा प्रकरणात रुग्णास किंवा त्याच्या नातेवाइकांस उपचाराच्या कागदपत्रांच्या प्रती देणे हे रुग्णालयांचे व डॉक्टरांचे कर्तव्य असल्याचे मानले. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत या नोंदी द्याव्या लागतात. मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या कलम २३ व २५ ने गोपनीयतेचा आणि नोंदी मिळण्याचा हक्क स्वतंत्रपणे दिला आहे.

खर्चाअभावी दाद मागता येत नाही, ही अडचणही कायद्याने विचारात घेतली आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील व्यक्ती विनामूल्य विधी साहाय्यास पात्र आहेत. साकीनाका परिसरातील बहुसंख्य कामगार कुटुंबे यांपैकी एखाद्या वर्गात मोडतात.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, सक्तीच्या तपासणीसंबंधीचा भारतीय कायदा एका ग्रंथात एकत्रित नाही. तो कामगार, फौजदारी, कुटुंब आणि आरोग्य कायद्यांत विखुरलेला आहे. तरीही त्याची दिशा सुसंगत आहे. आदेशाच्या पायरीवर तो अधिकार आणि कारण विचारतो. तपासणीच्या पायरीवर संमती, पद्धत आणि प्रतिष्ठा पाहतो. निष्कर्षाच्या पायरीवर हेतूशी संबंध आणि गोपनीयता तपासतो. १९९७ च्या प्रकरणातील कामगार पहिल्या पायरीवर हरकत घेऊन जिंकला नाही. तपासणी झालीच होती. अहवालावरून रोजगार हिरावण्याचा अधिकार मालकास नव्हता, म्हणून तो जिंकला.

महाविद्यालयांच्या दृष्टीने हा विषय केवळ विधी शाखेपुरता मर्यादित नाही. मानसशास्त्र, समाजकार्य, वाणिज्य आणि व्यवस्थापन या शाखांतून बाहेर पडणारे विद्यार्थी उद्या समुपदेशक, कर्मचारी अधिकारी किंवा रुग्णालय प्रशासक होतात आणि इतरांना तपासणीस पाठवण्याचा अधिकार त्यांच्या हाती येतो. ‘ही तपासणी कोणत्या अधिकाराने, कोणत्या पद्धतीने आणि कोणत्या उपयोगासाठी?’ हे तीन प्रश्न त्यांच्या अभ्यासात आणि खुद्द महाविद्यालयाच्या प्रवेश-अर्जांच्या छाननीत समाविष्ट झाले, तर कायद्याने दिलेले संरक्षण न्यायालयापर्यंत न जाताही संबंधित व्यक्तीपर्यंत पोहोचू शकेल.